ॲरिस्टोफेनिसचं धनदेवाचं नाटक आमच्या मंडईत: मंडळी बोलवावी का?

बोलवावी. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, गावाची ऐपत वर्षातून एकाच नाटकाची असेल तर हेच नाटक करावं. मात्र बयाणा देतानाच कागदावर लिहून घ्यावं की गरिबी नावाच्या पात्राचा प्रवेश पूर्ण झाला पाहिजे. आमच्या गावी तो कापला, आणि रात्रभर छान रंगलेल्या नाटकाचा कणाच निघून गेला.

मी ब्रह्मपुरीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता घरची धानाची शेती पाहते आणि गावच्या नाट्य समितीत आहे. नाटक मंडळी वडशाची, म्हणजे झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांच्या गावची. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारही लिहायची आहे, आणि दिवाळीनंतरच्या चार महिन्यांवर वर्षाचं पोट भरणाऱ्या कलावंतांचं नाव एका तक्रारीपायी खराब व्हावं असं मला वाटत नाही. वडशाला जाऊन "आंधळ्या धनदेवाचं नाटक कोणाकडं आहे जी?" एवढं विचारलं तरी कोणीही ऑफिस दाखवतं.

पोस्टर नेहमीसारखंच आहे. नट-नट्यांचे फोटो, लावणीवालीचा जरा मोठा फोटो, हसून हसून पोट दुखेल अशी हमी. मूळ नाटककाराचं नाव कुठं नाही, ते टाकायला हवं होतं. मूळ नाटक प्राचीन ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसचं, नाव 'प्लूटोस', इ.स.पू. ३८८ साली अथेन्समध्ये झालेलं. त्याची ११ नाटकं आज हाती आहेत, त्यातलं हे सगळ्यात शेवटचं. याच नावाचं एक नाटक त्यानं वीस वर्षं आधी केलं होतं, ते हरवलं. त्या वीस वर्षांत अथेन्सनं मोठी हार खाल्ली. स्पार्टाशी चाललेलं लांबलचक युद्ध इ.स.पू. ४०४ साली संपलं ते अथेन्सच्या शरणागतीनं. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत शत्रूची फौज अथेन्सजवळच्या डेकेलिया इथं बारमाही ठाण मांडून बसली होती, त्यामुळं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाता येत नव्हतं. त्या काळच्या थुसिडिडीस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की त्या काळात वीस हजारांहून जास्त गुलाम पळून गेले. असा शेतकरी, असं शहर समोर बसवून लिहिलेलं हे नाटक आहे. म्हणून त्यातला म्हातारा शेतकरी जो प्रश्न विचारतो तो आमच्या पेंडॉलमध्ये कोणाला परका वाटला नाही.

प्रश्न असा. ख्रेमिलस नावाचा म्हातारा देवाला कौल लावायला डेल्फीला जातो. तो सांगतो, मी आयुष्यभर सरळ वागलो आणि गरीबच राहिलो. देवळं लुटणारे, भाषणं ठोकणारे, चुगलखोर, सगळे गब्बर झाले. माझं तर आता सरलंच, पण एकुलत्या एका पोराचं काय करू? त्याला लबाड व्हायला शिकवू का? देव सांगतो, देवळातून निघताना पहिला जो भेटेल त्याला सोडू नकोस, घरी घेऊन जा. भेटतो तो फाटका, मळका, आंधळा म्हातारा, आणि तोच निघतो धनाचा देव. तरुणपणी त्यानं म्हटलं होतं की मी फक्त सज्जनांच्याच घरी जाईन. देवांचा राजा झ्यूस याला माणसांचा हेवा वाटला, म्हणून त्यानं त्याचे डोळेच घालवले. तेव्हापासून धन कोणाच्याही दारात शिरतं.

मंडळीनं डेल्फीचा मार्कंडा केला, ख्रेमिलसचा सोमाजी, आणि त्याच्या कारिओन नावाच्या गुलामाचा लहानू नावाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मार्कंडा घेतल्यानं फार बरं झालं. वैनगंगेच्या काठचं ते देऊळ आणि महाशिवरात्रीची जत्रा आमच्याकडच्या प्रत्येकानं पाहिलेली, त्यामुळं सोमाजी काय मागायला गेला हे समजावून सांगावं लागलं नाही.

धनदेव विंगेतून येत नाही, प्रेक्षकांतून येतो. ही या प्रयोगातली सगळ्यात चांगली जागा. पेंडॉलच्या मागच्या अंधारातून काठी टेकत टेकत, गादीवर बसलेल्या बायकांमधून वाट काढत तो पुढं सरकतो. डोळ्यांवर मळक्या धोतराची पट्टी, पायात एकच चप्पल. नट खरोखरच पट्टी बांधून चालत होता, कारण आमच्या शेजारच्या आजीच्या पायावर त्याचा पाय पडला आणि त्यानं वाकून, चाचपडून तिच्या पायाला हात लावला. ते नाटकातलं होतं की आपसूक घडलं, मी विचारलं नाही. एका पोरानं उठून त्याचा हात धरला आणि स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत नेऊन सोडलं. पुढं धनदेव सोमाजीला सांगतो की मी ज्या ज्या घरी गेलो तिथं माझे हालच झाले. कंजुषाच्या घरी गेलो की तो मला जमिनीत पुरतो आणि दारात कोणी मागायला आलं तर मला पाहिलंच नाही म्हणतो. उधळ्याच्या घरी गेलो की क्षणात मला नागवा करून बाहेर काढतात. हे बोलणं जवळजवळ मूळचंच आहे, आणि नटानं ते रडगाणं न करता थकलेल्या माणसासारखं सांगितलं. पेंडॉल शांत झाला होता.

मग लहानू शेतातल्या म्हाताऱ्यांना हाका मारत बोलावतो. मुळात इथं गरीब शेतकऱ्यांचा कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-नाचणारा समूह, येतो. अथेन्सच्या विनोदी नाटकात कोरस २४ जणांचा असे, त्यांची तालीम आणि कपड्यांचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या माथी मारलेला असे. ॲरिस्टोफेनिसच्या आधीच्या नाटकांत कोरसची गाणी भरपूर आहेत. या नाटकाच्या जुन्या हस्तलिखितांत मात्र पुष्कळ ठिकाणी गाणंच नाही, इथं कोरसचं काम आहे एवढी खूण तेवढी आहे. त्या रिकाम्या जागांत मंडळीनं दंडार, म्हणजे आमच्याकडची नाच-गाण्याची लोककला, घातली. दंडारीच्या पायांची लय, टाळ, ढोलकी, आणि ओळी धान चुरण्याच्या म्हणजे मळणीच्या, आणि रोवण्याच्या म्हणजे रोपं लावण्याच्या. मला हे इतकं चपखल वाटलं की मी समितीतल्या पोरांना तिथंच सांगितलं, अडीच हजार वर्षं ही जागा मोकळी होती. लावणी नको असं मी म्हणत नाही, लावणी झाली, तिला वन्समोरही मिळाले. पण या नाटकाची गाणी दंडारीचीच आहेत.

देवळातला प्रवेश मात्र जरा लांबला. धनदेवाचे डोळे बरे करायला त्याला वैद्यांचा देव आस्क्लेपियसच्या देवळात रात्रभर झोपवतात, आणि ते सगळं आपल्याला दिसत नाही. कारिओन परत येऊन मालकिणीला सांगतो. दिवे मालवल्यावर पुजारी हळूच उठला आणि वेदीवरची पक्वान्नं, अंजिरं गोळा करून पोत्यात भरत सुटला, हे त्यानं पाहिलं. मग त्यालाही धीर आला आणि शेजारी झोपलेल्या म्हातारीच्या उशाशी ठेवलेला खिरीचा गडवा त्यानं लांबवला. शेवटी दोन साप येऊन धनदेवाच्या पापण्या चाटतात आणि त्याला दिसायला लागतं. आमच्याकडं खिरीची आंबील झाली. लहानूचं काम करणारा नट नुसत्या आवाजात आणि हातवाऱ्यांत सगळं देऊळ उभं करत होता. पुजाऱ्याचं ते पोतं भरणं पाहून मागं बसलेले भजनी मंडळाचे लोक सगळ्यात जास्त हसले. पण मध्येच नाग दाखवायला म्हणून त्यांनी लाइट बंद करून धूर सोडला, आणि धुरात सगळी मजा गेली. ऐकलेलं जास्त चांगलं दिसत होतं.

आता मुख्य गोष्ट. धनदेवाचे डोळे बरे करायला निघणार तोच गरिबी येते. मूळ ग्रीक नाटकात तिचं नाव पेनिया. तिला पाहून एक जण म्हणतो ही शोकांतिकेतली कुणी सूडदेवता असेल, दुसरा म्हणतो छे, हिच्या हातात मशाली कुठं आहेत, ही खानावळवाली दिसते. ती सांगते, मला हाकलायला निघालात, पण तुम्हाला जे जे मिळतं ते माझ्यामुळं मिळतं. सगळेच श्रीमंत झाले तर लोहारकी कोण करेल? जहाज कोण बांधेल, चाक कोण घडवेल, जोडे कोण शिवेल, विटा कोण पाडेल, नांगर कोण धरेल? तुला पैसे मिळतील पण पलंग मिळणार नाही, कारण करणारा कोणी नसेल. ख्रेमिलस म्हणतो, गुलाम करतील. ती विचारते, गुलाम आणणार कुठून? पैशांसाठी जिवावर उदार होऊन माणसं पळवून विकणारा तरी मग कोण उरेल?

मग तो तिला ऐकवतो की तू आम्हाला काय देतेस. उवा, पिसवा, आणि कानाशी गुणगुणणारे डास, "ऊठ, नाहीतर उपाशी मरशील" म्हणून उठवणारे. अंगावर चिंधी, अंथरायला ढेकणांनी भरलेली चटई, उशाला दगड, भाकरीच्या जागी रानातला पाला, बसायला फुटक्या माठाचा तुकडा. मंडळीच्या संहितेत रानातल्या पाल्याचा तरोटा, म्हणजे आमच्याकडची रानभाजी, केला आहे, तो अगदी बरोबर.

यावर गरिबी म्हणते, हे तू भिकाऱ्याचं सांगितलंस, माझं नाही. भिकाऱ्याजवळ काहीच नसतं. गरीब माणूस काटकसरीनं राहतो, कामाला चिकटून असतो, त्याच्याजवळ उरत काही नाही आणि कमीही काही पडत नाही. आणि ख्रेमिलस उलट विचारतो, वा, काय सुखी जगणं, इतकी काटकसर आणि इतकी मेहनत करून मेल्यावर पुरण्यापुरतंही मागं राहणार नाही ना?

हा वाद आमच्या प्रयोगात झालाच नाही. लावणीला वन्समोर मिळाले, घड्याळ पुढं सरकलं, दोन वाजून गेले, आणि मंडळीच्या मास्तरांनी विंगेतून खूण केली. गरिबी आली, मी कोण ते सांगितलं, एक गाणं म्हटलं, आणि सोमाजीनं तिला झाडूनं हाकललं. टाळ्या पडल्या. ज्यांना मूळ माहीत नाही त्यांना वाटलं असेल, एक वाईट बाई आली आणि गेली. नाटक तिथून सोपं होऊन गेलं. देव डोळस झाला, चांगल्याला धन मिळालं, वाईटाचं गेलं, मिटलं. ॲरिस्टोफेनिसनं इतकं सोपं लिहिलेलं नाही. त्यानं हसणाऱ्या माणसाच्या समोर एक बाई उभी केली, जी अर्धं खरं आणि अर्धं खोटं बोलते, आणि कुठला अर्धा कुठला ते आपण शोधायचं.

काम करणाऱ्या बाईवर अन्याय झाला तो वेगळाच. तिनं फिकट लुगडं नेसलं होतं, कमरेला विळा खोचला होता, आणि उभी राहिली ती बांधीत रोवणा करून पाठ ताठ करायला उठलेली बाई उभी राहते तशी. एवढ्यावरूनच कळत होतं की तिच्याकडं बोलायला खूप आहे. मंडळीचा मुक्काम शाळेत होता. सकाळी आम्ही बायका चहा घेऊन गेलो तेव्हा ती हँडपंपावर तोंड धूत होती, अर्धा रंग उतरलेला. मी विचारलं, तो संवाद पाठ आहे का? म्हणाली, पाठ आहे बाई, बोलायची संधीच मिळत नाही. मग शाळेच्या व्हरांड्यात, हातात कप धरून, तिनं तो सगळा म्हटला. पलंग कोण करेल, नांगर कोण धरेल, सगळं. आवाज मुद्दाम चढवला नाही.

आमच्यासोबत रोजीनं रोवण्या-कापणीला जाणारी एक बाई होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कामाले कोन नाही म्हन्ते वो? काम आमी करतो, पैसा दुसऱ्याच्या घरी काहून जाते, ते सांग ना."

ख्रेमिलसकडं हे उत्तर नाही. तो शेवटी गरिबीला म्हणतो, तू पटवून दिलंस तरी मला पटणार नाही, आणि तिला हाकलतो. मला नेहमी वाटायचं की इथं म्हातारा वादात हरला आहे आणि त्याला ते ठाऊक आहे. गरिबी म्हणते ते कष्टाबद्दल खरं आहे: भाकरी, जोडा, पलंग कोणीतरी घाम गाळला म्हणूनच होतो. पण म्हणून घाम गाळणाऱ्याला पोटापुरतंच मिळावं, हे तिनं त्यात हळूच घुसवलं. व्हरांड्यातल्या त्या बाईनं हे दोन धागे एका वाक्यात सोडवले. धान आम्ही पिकवतो, सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर बंड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगेत आम्ही उभे राहतो, आणि भाव कमी-जास्त झाला तर तो कुठल्या घरी झाला हे आम्हाला बरोबर माहीत असतं. हा वाद रात्री हजारभर माणसांसमोर व्हायला हवा होता. त्यासाठीच मी या नाटकाला मत दिलं होतं.

पुढचा भाग झपाट्यानं गेला आणि बरा गेला. अथेन्समध्ये सरकारी वकील नसे, कोणीही नागरिक कोणावरही खटला भरू शके, आणि त्यावरच पोट भरणारे चुगलखोर तयार झाले होते. नाटकात असा एक जण तक्रार घेऊन येतो, माझं सगळं गेलं म्हणून. मंडळीनं त्याचा अर्जबाजीवर जगणारा, मोबाइलवर व्हिडिओ काढून धमकावणारा माणूस केला. तो ओळखीचा वाटल्यानं शिट्ट्या पडल्या. देवांचा दूत हर्मीस मात्र नारद करून वाया घालवला. मुळात तो उपाशी येतो, कारण धन सज्जनांकडं गेल्यापासून देवांना नैवेद्य दाखवणारंच कोणी उरलं नाही. देवांचा कारभार माणसांच्या गरजेवर चालतो हे केवढं धाडसाचं बोलणं! इथं त्याला नुसत्या उड्या मारायला लावल्या.

शेवटही बदलला आहे, आणि तो बदल मला मान्य नाही. आमच्या प्रयोगात धनदेव सोमाजीच्या घरातच राहतो, तोरण बांधतात, आरती होते. मूळ नाटकात मिरवणूक निघते आणि धनदेवाची स्थापना अथीनाच्या देवळामागच्या खोलीत करतात, जिथं नगराचा खजिना ठेवत. म्हणजे सोमाजीच्या घरून तो सगळ्यांच्या मालकीच्या जागी जातो. एवढी मोठी गोष्ट एका मिरवणुकीत होते. दंडार हाताशी असताना ती मिरवणूक का काढू नये?

बुक करणाऱ्यांसाठी कामाचं थोडं. मंडळी वेळेवर आली, दहाला पडदा उघडला. साऊंड चांगला, पण दंडारीच्या वेळी माइक पायांजवळ ठेवायला सांगा, नाहीतर टाळ ऐकू येत नाहीत. जनरेटर गावानंच ठेवावा. वागायला मंडळी अतिशय सभ्य, जेवणाबद्दल एक शब्द नाही. खुर्चीपेक्षा गादीवरून नाटक चांगलं दिसतं, कारण धनदेव तिथून जातो. लहान पोरांना आणायला हरकत नाही.

राहिला लहानू. मूळ नाटकाचं पहिलं बोलणं त्याचंच आहे: वेड्या मालकाचा गुलाम होणं किती कठीण, माझ्याच देहावर माझा हक्क नाही, ज्यानं विकत घेतला त्याचा आहे. मंडळीनं ते ठेवलं, आणि नटानं पडदा उघडताच समोर येऊन ते असं म्हटलं की पहिल्या मिनिटालाच लोक सावरून बसले. पुढं सबंध नाटक तोच ओढतो. देवाचा हात तो धरतो, शेतकऱ्यांना तो बोलावतो, मुळात तर उपाशी आलेल्या हर्मीसला विहिरीवर आतडी धुवायला तोच पिटाळतो. आणि नाटक संपतं तेव्हा घरात सोन्यानं भरलेले हंडे असतात आणि कारिओन गुलामच असतो. ॲरिस्टोफेनिसला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याच्या प्रेक्षकांना ते ऐकायचं नव्हतं. आपल्या प्रेक्षकांना ऐकायचं आहे, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी कोणी ना कोणी साल घातलेलं आहे.

म्हणून मी मंडळीच्या लेखकांना म्हटलं, शेवटी लहानूच्या सालाचा हिशेब होऊ द्या. सोमाजीनं त्याला काय दिलं ते लोकांसमोर सांगू द्या. लेखक म्हणाले, "बाई, पण ते मूळ नाटकात नाही जी." मी म्हटलं, मार्कंडा तरी कुठं आहे मूळ नाटकात?